हंगेरियन पोर्कोल्ट घरी कसं करायचं (आणि पाप्रिका कशी जाळायची नाही)

आधी एक घोळ मिटवू. हंगेरीबाहेर 'गुलाश' म्हणून जो दाट मांसाचा रस्सा मिळतो ना, त्याला हंगेरीत पोर्कोल्ट म्हणतात, तिथला खरा गुयाश म्हणजे बटाटा-गाजर घातलेलं पातळ सूप, गुराख्यांचं जेवण, गुयाश या शब्दाचा अर्थच मुळी गुराखी. आपण दाटवालं करतोय.

मांस १ किलो, मोठे तुकडे. तिकडे बीफचं चालतं पण मेंढीच्या मटणाचंही करतात, त्यामुळे आपलं मटण बिनधास्त घ्या. कांदे अर्धा किलो, अगदी बारीक चिरून. हो, अर्धा किलो, कारण रस्सा दाट होतो तो या कांद्यानेच, मैदा-बिदा काही लावायचा नाही.

कांदा डुकराच्या चरबीत (किंवा साध्या तेलात) मीठ घालून मंद आचेवर १५ मिनिटं परता. मऊ, सोनेरी झाला की बास, बिर्याणीसारखा तळायचा नाही.

आता गॅस बंद. खरंच बंद करा. मग ३ मोठे चमचे गोड पाप्रिका (तिखट नसलेल्या लाल मिरचीची पूड) घालून भराभर हलवा. पाप्रिकेत साखर असते, गरम तेलात ती लगेच जळते आणि सगळं कडू. मी पहिल्यांदा फोडणीत तिखट टाकतो तशी टाकली, आपलं तिखट जळलं तर ठसका लागून कळतं तरी, हिचा ठसकाच नाही, भांड्यात बघितलं तर रंग विटकरीचा चॉकलेटी झालेला. अख्खा कांदा फेकला. पाप्रिका हंगेरीतल्या सेगेद किंवा कालोचा गावची मिळाली तर उत्तम. नुसतं काश्मिरी तिखट घालणार असाल तर कमी घाला, ते थोडं तरी तिखट लागतंच.

लगेच अर्धा कप पाणी, मांस, २ लसूण पाकळ्या, चिमूटभर कॅरवे (जिऱ्यासारखं दिसणारं बी). आलं नाही, गरम मसाला नाही, हात आवरा. झाकून मंद आचेवर ठेवा. पाणी आटून तेल सुटलं, चरचर आवाज यायला लागला की परत थोडंसंच पाणी. असं तीन-चार वेळा. चव इथेच येते, म्हणून कुकर नको, त्यात मांस नुसतं उकडतं. अर्ध्यावर एक टोमॅटो आणि एक सिमला मिरची चिरून टाका. मटणाला दीड-दोन तास, बीफला तीनपर्यंत लागतात.

सोबत नोकेद्ली, म्हणजे मैद्याचे उकडलेले छोटे गोळे: २०० ग्रॅम मैदा, २ अंडी, मीठ, थोडं पाणी, भज्यांपेक्षा जरा घट्ट पीठ. मोठ्या भोकांच्या झाऱ्यातून उकळत्या पाण्यात पाडा, वर तरंगले की काढा. शेजारी व्हिनेगरमधली काकडी.

उरलंच तर मांस बारीक करून मैद्याच्या पातळ धिरड्यात गुंडाळा, रस्सा गाळून त्यात सावर क्रीम घालून वर ओता. त्यालाही तिकडे नाव आहे, होर्तोबागी पलाचिंता.