एचटी केबल सारखी उडते? आधी जॉइंट बघा

बडोद्यात मकरपुरा जीआयडीसीत कारखाना असेल तर हे ओळखीचं वाटेल, पाऊस लागला की ११ केव्हीची एचटी (हाय टेन्शन, म्हणजे जास्त व्होल्टेजची) केबल उडते आणि सगळे केबलच्या मेकरला शिव्या घालतात, पण बहुतेक वेळा घोळ जॉइंटमध्ये (दोन केबल जोडतात तिथे) नाहीतर टर्मिनेशनमध्येच (केबलचं टोक उपकरणाला जोडतात तिथे) असतो. जॉइंट करताना इन्सुलेशनवरचा काळा सेमीकॉन (अर्धवट वीज वाहणारा) थर काढतात ना, तिथे ब्लेड जरा जास्त लागलं आणि खालच्या एक्सएलपीईवर (केबलचं प्लास्टिक इन्सुलेशन) चरा पडला की संपलं, त्या चऱ्यात हवा राहते, पार्शल डिस्चार्ज (आतल्या आत बारीक ठिणग्या) सुरू होतो आणि इन्सुलेशन आतून कुरतडलं जातं, बाहेरून काहीच दिसत नाही. म्हणून जॉइंटर ट्रेनिंगवालाच बोलवा, स्वस्तातला नको, आणि भर पावसात काम काढू नका. कापलेल्या टोकाला लगेच कॅप, नाहीतर पाणी शिरून पुढे वॉटर ट्री (इन्सुलेशनमध्ये ओलाव्याने झाडासारखी पसरणारी खराबी) होतात. वळण मेकरने दिलेल्या रेडियसपेक्षा टाइट नको. जुन्या एक्सएलपीईला डीसी हायपॉट (डीसीने जास्त व्होल्टेज देऊन टेस्ट) मारू नका (आपल्याकडे अजून मारतात!), आत चार्ज अडकून राहतो आणि टेस्ट पास झालेली केबल चालू केल्यावर जाते. त्यापेक्षा ०.१ हर्ट्झची व्हीएलएफ (अगदी कमी फ्रीक्वेन्सीच्या एसीने टेस्ट) मागा, सोबत टॅन डेल्टा (इन्सुलेशन किती खराब झालंय ते दाखवणारं माप). टॅन डेल्टाचे आकडे दरवर्षी लिहून ठेवा, चढत गेले तर शटडाउन आपल्या सोयीने घेता येतो.