कंपनीच्या मेलखालची सही आणि सूचना: कुठे काय बसवायचं

कुंडईच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका पॅकिंग कारखान्याचे संगणक आणि मेल मी सांभाळते. कारखाना कुंडईला, नोंदणीकृत कार्यालय पणजीत पाटोवर आणि विक्रीची माणसं निम्मा दिवस वेर्ण्याच्या औषध कंपन्यांकडे. अशा ठिकाणी सही ज्याची त्याने बसवायची म्हटलं, तर कुणी कुंडईचा पत्ता घालतो, कुणी पाटोचा आणि कुणी नुसतंच नाव. हे काम ज्यांच्याकडे आहे, त्यांच्यासाठी हे सविस्तर लिहिते आहे.

आधी दोन गोष्टी वेगळ्या करा. नाव, हुद्दा, मोबाइल ही सही माणसाची. ती आउटलुकमध्ये किंवा जीमेलमध्ये असू द्या. कंपनीची ओळख आणि सूचना, म्हणजे मेलच्या तळाशी येणारा ठरावीक मजकूर (डिस्क्लेमर), मात्र सर्व्हरवरूनच लागली पाहिजे. कारण मेल फक्त आउटलुकमधून जात नाही. विक्रीवाले फोनवरून उत्तर देतात, टॅलीतून बिलं जातात, स्कॅनर थेट मेल करतो. कंपनीच्या सर्व्हरमधून जाणारा प्रत्येक मेल तिथल्या नियमाखालून जातो, त्यामुळे कुणाच्या आठवणीवर विसंबावं लागत नाही.

सूचनेत काय लिहायचं, इथे मी फार आग्रही आहे. कंपनी कायदा, 2013 च्या कलम 12 नुसार व्यावसायिक पत्रं, बिलं आणि सूचनांवर कंपनीचं नाव, नोंदणीकृत कार्यालयाचा पत्ता आणि सीआयएन, म्हणजे कंपनीचा ओळख क्रमांक, हवा. शिवाय फोन, आणि असल्यास ईमेल व संकेतस्थळ. चूक झाली तर दिवसाला 1,000 रुपये, कमाल 1 लाखापर्यंत दंड आहे. आज आपली पत्रं मेलनेच जातात, म्हणून हा मजकूर मेलखाली असावा, असं माझं ठाम मत. पत्ता पाटोचा, कुंडईचा नव्हे. सीआयएन 21 अक्षरांचा असतो आणि गोव्यात नोंदवलेल्या कंपनीच्या क्रमांकात राज्याची जागा ‘जीए’ने भरलेली असते, तो नोंदणी प्रमाणपत्रावरून जसाच्या तसा उतरवून घ्या. एलएलपी (मर्यादित दायित्वाची भागीदारी) असेल तर नाव, पत्ता, नोंदणी क्रमांक आणि मर्यादित दायित्वाचा उल्लेख लागतो. परदेशी ग्राहक असतील तर फोनच्या 0832 या गोव्याच्या कोडमधला पहिला शून्य काढून अधिक 91 लावा.

‘हा मेल चुकून आला असल्यास कळवा आणि काढून टाका’ एवढी एक ओळ पुरे. त्यापुढची धमकीवजा दहा वाक्यं कुणी वाचत नाही. शिवाय ज्याने आपल्याशी कसलाच करार केलेला नाही, त्याला अशा वाक्यांनी बांधता येत नाही. वकिलांना मोठा मजकूर हवाच असेल तर तो संकेतस्थळावर ठेवा आणि मेलखाली फक्त दुवा द्या.

आता मायक्रोसॉफ्ट 365 मध्ये हे करायचं कसं. एक्स्चेंज अ‍ॅडमिन सेंटर उघडा, मेल फ्लोमध्ये रूल्सवर जा आणि डिस्क्लेमर लावण्याचा नवा नियम घ्या. अट घाला: मेल घेणारा संस्थेबाहेरचा. कारखान्यातल्या स्टोअरने अकाउंट्सला पाठवलेल्या दोन ओळींखाली सीआयएन कशाला? मजकुराची मर्यादा एचटीएमएल टॅग (मजकुराच्या मांडणीच्या खुणा) धरून 5,000 अक्षरं आहे.

मग अपवाद घाला, आणि हा विसरू नका. सूचनेतलं एखादं वेगळं वाक्य निवडा आणि ते मेलमध्ये आधीच असेल तर नियम लागू नये असं सांगा. नाहीतर पाच वेळा उत्तर-प्रत्युत्तर झालं की तळाशी पाच सूचना एकाखाली एक साचतात. सर्व्हर सूचना लावतो ती संपूर्ण संवादाच्या अगदी शेवटी, तुमच्या ताज्या उत्तराखाली नाही. माणसाची सही आउटलुकमध्ये ठेवायची, त्यामागे हेही एक कारण आहे.

सूचना लावता आली नाही तर काय, असं पुढे विचारतात. रॅप, इग्नोर, रिजेक्ट असे तीन पर्याय असतात. रॅपमध्ये तुमचा मूळ मेल नव्या मेलला जोडपत्र म्हणून जातो. एन्क्रिप्ट केलेला मेल असा पोचला की ग्राहक बुचकळ्यात पडतो. रिजेक्टमध्ये मेल जातच नाही. मी इग्नोर निवडते: सूचना राहिली तरी चालेल, ऑर्डरची खात्री वेळेवर पोचली पाहिजे.

लोगो एचटीएमएलमध्ये दुव्यानेच येतो आणि बरेच मेल प्रोग्राम बाहेरची चित्रं आपोआप दाखवत नाहीत. म्हणून नाव आणि पत्ता कधीही चित्रात घालू नका. साध्या मजकुराच्या मेलमध्ये टॅग गळून पडतात, तेव्हा ओळी टॅगशिवायही वाचता येतील अशाच लिहा.

गूगल वर्कस्पेसवाल्यांना हेच अ‍ॅडमिन कन्सोलमध्ये जीमेलच्या कम्प्लायन्सखाली, अपेंड फूटर या नावाने मिळेल. अंतर्गत मेलवर लावायचं का, हा तिथे वेगळा पर्याय आहे. तो बंदच ठेवा.

बाहेरची गेटवे सेवा, म्हणजे मेल जिच्यामधून बाहेर जातो ती दुसऱ्या कंपनीची सेवा, सूचना लावत असेल तर एक गोष्ट तपासा. डीकेआयएमची सही, म्हणजे मेल आपल्याच डोमेनवरून आला आहे हे पटवणारी सर्व्हरची डिजिटल सही, झाल्यानंतर मेलच्या मजकुरात बदल झाला तर ती सही फोल ठरते. आधी सूचना, मग डीकेआयएम, हा क्रम पाळा.

नियम तयार झाला तरी तो चालू केला आहे ना, हे यादीत पाहा. मग आपल्या खाजगी जीमेलवर मेल पाठवा, तिथून उत्तर द्या, परत उत्तर द्या, आणि सगळं फोनवर वाचा. आउटलुकच्या पाठवलेल्या मेलमध्ये सूचना दिसणार नाही; ती सर्व्हरवर नंतर लागते, म्हणून तिथे शोधत बसू नका.

याच सोयीचा चवथीला, म्हणजे गणेश चतुर्थीला, फार उपयोग होतो. नियमाला सुरू आणि बंद होण्याची तारीख देता येते. कारखाना चवथीला बंद राहणार, माल कधीपासून निघेल, एवढी दोन वाक्यं वेगळ्या नियमात घाला आणि आठवडाभर आधीची तारीख द्या. मुंबई-पुण्याच्या ग्राहकांना गोव्यातली चवथीची सुट्टी किती लांबते याचा अंदाज नसतो. नेहमीच्या नियमावर ‘पुढचे नियम थांबवा’ ही खूण नाही ना, तेवढं बघा. असली तर चवथीची सूचना लागणारच नाही.