साकुरा बघायला टोकियोला निघालात? या चुका टाळा

थंडी सुरू झाली की ओळखीपाळखीतून एक प्रश्न हमखास येतो: "साकुरा बघायचाय, टोकियोचं तिकीट कुठल्या तारखेचं काढू?" या प्रश्नातच सगळ्यात मोठी चूक लपलेली आहे. लोकांना एक तारीख हवी असते आणि ती तारीख साकुराच्या, म्हणजे चेरीच्या, झाडाला माहीत नसते.

टोकियोत बहर सुरू झाला हे ठरतं यासुकुनी देवस्थानाच्या आवारातल्या एका झाडावर. हवामान खात्याची माणसं जाऊन त्याच्या कळ्या बघतात आणि पाच-सहा फुलं उमलली की बहर जाहीर होतो. १९९१ ते २०२० या तीस वर्षांची सरासरी काढली तर हा दिवस २४ मार्चला येतो आणि पूर्ण बहर ३१ मार्चच्या आसपास. पण २०२०, २०२१ आणि २०२३ मध्ये फुलं १४ मार्चलाच उमलली होती, तर २०२४ मध्ये २९ मार्चपर्यंत वाट बघावी लागली. म्हणजे पंधरा दिवसांचा फरक! त्यात शहरातली बहुतेक झाडं सोमेई-योशिनो जातीची, सगळी कलमं करून वाढवलेली. त्यामुळे ती एकदम फुलतात आणि एकदमच झडतात. पूर्ण बहरानंतर जेमतेम आठवडाभर हातात असतो. मध्ये जोराचा पाऊस किंवा वारा आला तर तेवढाही नाही.

म्हणून चार दिवसांची सहल आखून सगळी भिस्त त्यावर ठेवू नका. २५ मार्च ते ५ एप्रिल या काळातले आठ-नऊ दिवस काढा आणि टोकियोतला मुक्काम दोन तुकड्यांत करा. सुरुवातीला तीन दिवस, मग क्योतो किंवा निक्को, आणि परतताना पुन्हा दोन-तीन दिवस. एक तुकडा हुकला तरी दुसरा साधतो. हॉटेल दोनदा बदलावं लागतं, तेवढा त्रास घ्या.

तरीही उशीर झालाच तर हातपाय गाळून बसू नका. शिंजुकु ग्योएन बागेत अनेक जातींची झाडं आहेत. दुहेरी पाकळ्यांचे उशिरा फुलणारे साकुरा तिथे एप्रिलच्या मध्यावरही भेटतात. एप्रिलच्या अखेरीस कामेइदो तेन्जिन देवळात जांभळ्या फुलांचे वेल मांडवावरून लोंबत असतात.

आईला घेऊन गेले होते तेव्हा आम्हालाही उशीरच झाला होता. मेगुरो नदीच्या काठावर झाडं अर्धी रिकामी झालेली, आणि माझा चेहरा पडलेला. आई मात्र पुलाच्या कठड्याला टेकून खाली बघत होती. पाणी दिसतच नव्हतं. पाकळ्यांची फिकट गुलाबी साय धरली होती आणि ती हळूहळू सरकत होती. "अगं, हा तर प्राजक्ताचा सडा, पाण्यावर पडलेला," आई म्हणाली. जपानीत या दृश्याला 'हानाइकादा' असा शब्द आहे, म्हणजे फुलांचा तराफा. झडणारा साकुराही मुद्दाम बघण्यासारखा असतो, हे मला त्या दिवशी कळलं.

आता पैशांचं. राहण्याची सोय शेवटी बघू, असं म्हणणाऱ्यांना सगळ्यात जास्त फटका बसतो. जपानचं आर्थिक वर्ष ३१ मार्चला संपतं. बदल्या, नव्या नोकऱ्या, शाळांच्या सुट्ट्या हे सगळं त्याच पंधरवड्यात येतं, आणि वर आपल्यासारखे पर्यटक. विनामूल्य रद्द करता येईल अशी खोली चार-पाच महिने आधीच धरून ठेवा. २९ एप्रिल ते ५ मे ही तर 'गोल्डन वीक'ची सुट्टी. तेव्हा अख्खा जपान फिरायला निघालेला असतो, ते दिवस टाळाच.

ई-व्हिसा मिळाला की त्याचा प्रिंट काढून निर्धास्त होऊ नका. विमानतळावर व्हिसाची नोटीस मोबाईलवर इंटरनेट चालू ठेवून उघडून दाखवावी लागते. स्क्रीनशॉट, पीडीएफ किंवा कागद चालत नाही. निघण्यापूर्वी घरी एकदा उघडून बघा आणि रोमिंग किंवा ई-सिमची सोय करून ठेवा. औषधांचंही असंच. स्यूडोएफेड्रिनचं प्रमाण १० टक्क्यांहून जास्त असलेली सर्दीची औषधं जपानमध्ये नेता येत नाहीत. घरातल्या डब्यातली गोळ्यांची पाकिटं तशीच बॅगेत न टाकता मागची घटकद्रव्यं वाचा. ताजी फळं, मिरच्या, कढीपत्ताही घरीच राहू द्या.

रेल्वेच्या बाबतीत जुने सल्ले आजही फिरत असतात. "जेआर (जपान रेल्वे) पास काढ, फायदा होतो," हे एकेकाळी खरं होतं. ऑक्टोबर २०२३ मध्ये सात दिवसांच्या पासची किंमत २९,६५० येनवरून ५०,००० येन झाली. टोकियो ते क्योतो शिंकान्सेनचं, म्हणजे बुलेट ट्रेनचं, जाऊन-येऊन भाडं २८,००० येनच्या आसपास पडतं. तेवढाच प्रवास असेल तर पास घेऊ नका. दुसरी गफलत शहरातल्या गाड्यांची. 'टोकियो सबवे तिकीट' मेट्रो आणि तोएइ या दोन्हींच्या भुयारी गाड्यांवर चालतं, पण यामानोते ही गोल फिरणारी लाईन जेआरची आहे, तिथे ते चालत नाही. मी तरी सुइका या प्रीपेड कार्डात पैसे भरून फिरते. रोजची डोकेदुखी वाचते.

शिंजुकु स्टेशनात शिरताना बाहेर पडायचं दार आधी ठरवा. दारं दोनशेच्या वर आहेत. चुकीच्या दाराने बाहेर आलात तर समोर दिसणाऱ्या हॉटेलला पोचायला वीस मिनिटं चालावं लागतं. मोबाईलच्या नकाशात दाराचा क्रमांक येतो, तो आधी बघा आणि मगच फलाट सोडा. शेवटच्या गाड्या मध्यरात्रीच्या सुमारास सुटतात, हेही ध्यानात असू द्या.

शाकाहारी मंडळींनी पुढचं नीट वाचा. "मांस नको, मासे नकोत" एवढं सांगून भागत नाही. समोर आलेल्या उदोनमध्ये (गव्हाच्या जाड नूडल्समध्ये) मासा दिसत नाही, पण रस्सा वाळवलेल्या बोनितो माशाच्या किसाचा असतो. त्याला दाशी म्हणतात. मिसो सूप, सोबा नूडल्स बुडवायचं पाणी, उकडलेल्या भाज्या, सगळीकडे तो असतो. वाढणाऱ्याला त्यात मासा आहे असं वाटतच नाही, म्हणून तो सांगत नाही. यात फसवणूक नाही, सवय आहे. नेमकं विचारा: "कात्सुओ-दाशी वा हाइत्ते इमास का?" म्हणजे यात बोनितोची दाशी आहे का? बौद्ध मठांच्या परंपरेतलं 'शोजिन र्‍योरी' हे जेवण मिळालं तर जरूर घ्या. त्यातली दाशी समुद्री शेवाळ आणि मशरूमची असते. आणि घरच्या चवीची फारच आठवण आली तर निशी-कासाई गाठा. भारतीय आयटीवाल्यांची ही जुनी वस्ती. इथे भारतीय किराणा आणि खाणावळी आहेत. याच एदोगावा वॉर्डाच्या सभागृहात २०१९ मध्ये योगेंद्र पुराणिक हे आपले मराठी गृहस्थ निवडून गेले.

वसंत म्हणजे ऊन, असं समजून सुती कपडे भरू नका. बहराच्या दिवसांत अचानक परतणाऱ्या गारठ्याला जपानीत 'हानाबिए' असा वेगळा शब्दच आहे. नदीकाठी संध्याकाळी रोषणाई बघत उभं राहिलात की तो हाडांत शिरतो. जाडसर जॅकेट, छत्री आणि भोकं नसलेले मोजे घ्या, कारण बूट जागोजागी काढावे लागतात.

झाडाखाली बसायचं तर चटई आणा आणि तिच्यावर जाताना बूट काढून ठेवा. फोटोसाठी फांदी खाली ओढू नका. मोडलेल्या फांदीतून कीड शिरते आणि झाड आजारी पडतं. शिंजुकु ग्योएनमध्ये दारू चालत नाही आणि बहराच्या गर्दीच्या दिवशी प्रवेशासाठी आधी नोंदणी लागू शकते, तेव्हा आदल्या दिवशीच बागेची वेबसाईट बघा. शहरात कचरापेट्या शोधूनही सापडत नाहीत. डबा खाऊन झाला की रिकामं झालेलं सगळं पिशवीत बांधून हॉटेलवर परत न्या. त्यासाठी घरूनच दोन-तीन पिशव्या बॅगेच्या वरच्या कप्प्यात टाका.