जुन्या पीसीचा सिरियल पोर्ट 'गेला'? कार्ड शोधायच्या आधी हे करून बघा

भोसरीत आमच्या ओळखीतल्या एकाच्या शेडमध्ये अजून पेंटियम चालू आहे, विंडोज ९८, त्याच्या सिरियल पोर्टवरून (मागचा ९ पिनांचा कनेक्टर) सीएनसीला, म्हणजे कॉम्प्युटरच्या हुकमावर चालणाऱ्या मशीनला, प्रोग्राम जातात. मागच्या पावसाळ्यात फोन आला, "दादा पोर्ट गेला, तपकीर गल्लीत कार्ड मिळेल का?" (पुण्यातला इलेक्ट्रॉनिक्सचा बाजार.) मी म्हटलं थांब, आधी पोर्ट खरंच गेलाय का ते बघू.

सगळ्यात आधी लूपबॅक, म्हणजे पाठवलेलं त्याच पोर्टवर परत आणायचं. ९ पिनचा फीमेल कनेक्टर घ्या, त्याच्या २ आणि ३ नंबरच्या पिना वायरने जोडा (२ म्हणजे येणारा डेटा, ३ म्हणजे जाणारा) आणि पीसीच्या मागे लावा. हायपरटर्मिनल (विंडोजमधला पोर्टशी बोलायचा प्रोग्राम) उघडून थेट कॉम१, म्हणजे पहिला सिरियल पोर्ट, निवडा, फ्लो कंट्रोल (डेटा थांबवायचे-सोडायचे इशारे) 'नन' करा नाहीतर उगाच अडकून बसतं. टाइप केलेलं स्क्रीनवर दिसलं आणि कनेक्टर काढल्यावर दिसायचं थांबलं तर पोर्ट ठणठणीत आहे, मग केबल आणि सेटिंग बघा. बऱ्याच सीएनसींना ७ बिट, इव्हन पॅरिटी (चूक पकडायचा जादा बिट) लागते आणि हायपरटर्मिनल आपलं ८ बिट, नो पॅरिटीवर बसलेलं असतं. कनेक्टर काढूनही अक्षरं दिसतायत? मग लोकल एको चालू आहे, म्हणजे हायपरटर्मिनल टाइप केलेलं स्वतःच दाखवतंय, तो बंद करून परत बघा.

काहीच आलं नाही तर मीटर काढा. पीसी चालू, काही पाठवत नाहीये, अशा वेळी पोर्टच्या ३ आणि ५ नंबरमध्ये (५ म्हणजे ग्राउंड) डीसी व्होल्टेज बघा. मायनस ८ ते मायनस १२ च्या आसपास पाहिजे. शून्य असेल तर बायोसमध्ये (पीसी सुरू होताना उघडतात त्या सेटिंग) पोर्ट डिसेबल आहे का बघा, आणि हो, पॉवर सप्लायची निळी वायर पण तपासा. ती मायनस १२ व्होल्टची असते, जुन्या कार्डवरच्या ड्रायव्हर चिपला (पोर्टवर सिग्नल पाठवणारी चिप) ती लागतेच, आणि ती गेली तरी बाकीचा पीसी मजेत चालत राहतो त्यामुळे कुणाला शंकाच येत नाही.

आता भोसरीची गंमत. व्होल्टेज कार्डाजवळ होतं, मागच्या कनेक्टरवर भलत्याच पिनेवर येत होतं. कुणीतरी कार्डापासून मागच्या पट्टीपर्यंतची (मागचा कनेक्टर बसवलेली पत्र्याची पट्टी) १० पिनची रिबन, म्हणजे चपटी केबल, पट्टीसकट बदलली होती. ह्या पट्ट्या दोन प्रकारच्या येतात, दिसायला अगदी सारख्या, आतली जोडणी वेगळी! ओळखायचं असं: पीसी बंद करा, प्लग काढा, मीटर बीपवर ठेवा. कार्डावरच्या १० पिनांपैकी कॅबिनेटच्या पत्र्याशी कोणती बीप करते, ५ की ९? मग पट्टीच्या मागच्या कनेक्टरची ५ नंबर पिन रिबनच्या दुसऱ्या टोकाला कुठे निघते ते बघा. दोन्हीकडे एकच नंबर आला तर जोडी बरोबर, नाहीतर पट्टी बदला, कार्डाला हात लावू नका.

नवीन आयसा कार्ड (मदरबोर्डच्या जुन्या पद्धतीच्या स्लॉटमधलं) टाकल्यावर माऊस अडकायला लागला तर भांडण आयआरक्यूचं, म्हणजे प्रोसेसरला हाक मारायच्या लाइनचं. कॉम१ आणि कॉम३ दोघांना आयआरक्यू ४, कॉम२ आणि कॉम४ ला ३, आणि आयसावर दोघांनी मिळून वापरणं नीट जमत नाही. कार्डाचा जम्पर (पिनांवरची छोटी टोपी) ५ वर न्या (साउंड कार्ड तिथे नसेल तर), आणि मदरबोर्डचा पोर्ट आणि कार्ड दोन्ही ३एफ८ वर (कॉम१ चा पत्ता) नाहीत ना तेही बघा. इंटर्नल मोडेम असेल तर तो बहुतेक कॉम२ अडवून बसलेला असतो, लागत नसेल तर काढूनच टाका.

कार्डाचे सोनेरी कॉन्टॅक्ट काळे पडले असतील तर आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि सुती कापड, बास. खोडरबर लोक वापरतात, मीही वापरलाय, पण त्याचा चुरा स्लॉटमध्ये पडतो.

आणि शेडमध्ये अर्थिंग धड नसेल तर केबल चालू मशीनवर लावूकाढू नका. पीसी आणि सीएनसी दोन्ही बंद, मग केबल. नाहीतर ती ड्रायव्हर चिप खरंच जाते, आणि मग रविवारी जुन्या बाजारात कार्ड शोधत फिरा.