नवख्या स्कूबा डायव्हरला अनुभवी सोबत्याने मदत कशी करावी

मालवणात सिंधुदुर्ग किल्ल्याजवळ पर्यटकांना जी डुबकी घडवली जाते, तीत मार्गदर्शक पाहुण्याला शेवटपर्यंत धरून असतो. पाहुण्याने फक्त श्वास घ्यायचा आणि मासे पाहायचे. ओपन वॉटर हा स्कूबाचा प्राथमिक कोर्स पूर्ण करून 18 मीटरपर्यंत उतरण्याची मुभा मिळालेल्या डायव्हरला मात्र स्वतःला सावरावे लागते, आणि पहिल्या काही डुबक्यांत ते त्याला नीट जमत नाही. अशा वेळी सोबतचा अनुभवी डायव्हर पुष्कळ मदत करू शकतो. फक्त त्याने आपण इन्स्ट्रक्टर नाही हे विसरू नये: शिकलेले पक्के करून घेणे हे त्याचे काम, नवे शिकवणे नव्हे.

सुरुवात वजनापासून करावी. नवख्यांच्या निम्म्या तक्रारी, म्हणजे हवा लवकर संपणे, पाय खाली लोंबणे, सतत वर-खाली होणे, या कमरेला बांधलेल्या जादा शिशातून येतात असे माझे मत आहे. उतरण्यापूर्वी बोटीशेजारी त्याला बीसीडी (तरंगण्यासाठी हवा भरता-सोडता येणारे जाकीट) पूर्ण रिकामी करून, नेहमीसारखा श्वास घेऊन क्षणभर स्थिर राहायला सांगावे. पाणी डोळ्यांच्या पातळीवर आले आणि श्वास सोडताच तो हळूहळू बुडू लागला, तर वजन योग्य. सिलिंडर भरलेला असेल, तर वापरल्या जाणाऱ्या हवेपोटी सुमारे 2 किलो वाढवावेत, नाहीतर डुबकीच्या शेवटी तो वर तरंगू लागेल. पुण्या-मुंबईच्या तरणतलावात ठरवलेले वजन समुद्रात पुरत नाही, कारण खारे पाणी अधिक उचलते. साधारण बांध्याच्या माणसाला दोन-अडीच किलो जास्त लागतात.

यानंतर पाच-सहा मीटरवर, वाळूच्या तळावर, प्रवाळापासून दूर, तरंगत राहण्याचा सराव करून घ्यावा. उथळ पाणी सोपे असते हा समज इथे फसवा ठरतो. पृष्ठभागापासून 10 मीटरपर्यंत जाताना दाब दुप्पट होतो, त्यामुळे बीसीडीतील हवेचे आकारमान याच पट्ट्यात सर्वाधिक बदलते आणि मीटरभर वर सरकले तरी माणूस आणखी वर खेचला जातो. शिवाय श्वासाचा परिणाम एक-दोन सेकंद उशिरा दिसतो. तेवढा धीर नसल्यामुळे नवखा बीसीडीत हवा भरण्याचे बटण दाबतो, मग घाबरून ती हवा सोडतो, आणि हा खेळ चालूच राहतो. बोटीवरच त्याला सांगून ठेवावे, "आधी श्वासाने जमवून बघ, नाहीच जमलं तर बटणाला हात लाव, आणि काहीही झालं तरी श्वास रोखायचा नाही." खाली आपण शेजारी, हाताच्या अंतरावर, निश्चल राहावे. त्याला आपल्याकडे पाहूनच पातळी कळते.

खुणा उतरण्याआधी पुन्हा घोकून घ्याव्यात. अंगठा वर म्हणजे "वर चला". आपल्याकडे मात्र "मस्त" म्हणायला हात आपसूक अंगठाच दाखवतो, आणि त्यापायी छान चाललेली डुबकी अर्धवट सोडून वर यावे लागते. हवा किती उरली हे दर काही मिनिटांनी विचारावे आणि डुबकी त्याच्या गेजवर (सिलिंडरमधल्या हवेचा दाब दाखवणाऱ्या मापकावर) चालवावी, आपल्या नव्हे. सिलिंडरमध्ये 50 बार दाब शिल्लक असताना पृष्ठभागावर पोहोचायचे असेल, तर त्याआधीच वर निघावे लागते, कारण 5 मीटरवर 3 मिनिटे थांबायचे असते. त्या थांब्यात आपण त्याच्या समोर राहावे. बहुतेक नवखे तिथेच निसटून वर जातात.

चुका पाण्यातच सुधारण्याचा मोह आवरावा. खाली खुणांनी दिलेला उपदेश समजत नाही आणि धांदल वाढते. धोका असेल तरच हस्तक्षेप करावा. बोटीवर आल्यावर, पाणी पिऊन झाल्यावर, इतरांपासून थोडे बाजूला घेऊन, एकच गोष्ट सांगावी. तो सायकल मारल्यासारखे गुडघे दुमडून पाय हलवत असेल, तर पुढच्या डुबकीत फक्त मांडीपासून, सावकाश फिन मारण्याकडे लक्ष द्यायला सांगावे. मास्कमध्ये पाणी येत असेल, तर आधी कडेखाली केस किंवा हूड अडकले आहे का ते पाहावे. दर वेळी दोष कौशल्याचाच असतो असे नाही.

मास्कमधले पाणी काढताना तो दर वेळी घाबरून वर धाव घेत असेल, तर सोबत्याचे काम तिथे संपते. वेगाने वर जाताना श्वास रोखला गेला, तर फुफ्फुसांना इजा होऊ शकते. अशा डायव्हरसोबत पुढची डुबकी ठरवू नये. त्याला इन्स्ट्रक्टरकडे पाठवावे आणि तो सराव तरणतलावात, उभे राहता येईल एवढ्या पाण्यात करून घ्यायला सांगावे.