फायब्रोमायल्जिया आणि फिजिओथेरपी: या चुका टाळा

"काल जरा बरं वाटत होतं, म्हणून अख्खं कपाट आवरून काढलं. आज मान वळत नाहीये." फायब्रोमायल्जिया, म्हणजे अंगभर दीर्घकाळ दुखत राहण्याचा आजार, असलेल्या बायकांच्या तोंडून हे वाक्य इतक्या वेळा येतं की माझं मत आता पक्कं झालंय: उपचारांची घडी वाईट दिवशी नाही, बऱ्या दिवशी विस्कटते.

दुखणं उतरलं की राहिलेली सगळी कामं एका दमात उरकायची आणि मग दोन-तीन दिवस अंथरूण धरायचं, ही सगळ्यात मोठी चूक. या आजारात स्नायू फाटलेला नसतो, सांधा झिजलेला नसतो. मज्जासंस्थाच वेदनेचा आवाज वाढवून ठेवते. म्हणून रिपोर्ट बहुधा नॉर्मल येतात आणि सवय नसलेला ताण मात्र लगेच अंगावर येतो. व्यायामाची सुरुवात 'एवढ्याने काय होणार' वाटेल इतकी कमी हवी. समजा, दिवसाआड पाच मिनिटं चालणं, तेही बोलता येईल अशा वेगाने. आठवडा-दोन आठवडे ते पचलं की एखादं मिनिट वाढवा. बऱ्या दिवशीही तेवढंच, वाईट दिवशी निम्मं. पूर्ण बंद नको. कपाटाचा आज एकच खण. आणि घरकाम हिशोबात धरा! कपडे वाळत घालणं, फरशी पुसणं हाही शरीरावरचा भारच आहे.

मात्रा बरोबर आहे का, याचा माझा साधा ठोकताळा: व्यायामानंतर अंग थोडं ठणकलं आणि दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत पूर्वपदावर आलं, तर चालेल. त्यापुढेही दुखत राहिलं तर एक पायरी मागे या. व्यायाम सोडू नका.

दुसरी चूक, नुसतं पलंगावर पडून मशीन लावून घेणं. शेक, आयएफटी (विजेच्या सौम्य लहरींचा उपचार), अल्ट्रासाउंड (ध्वनिलहरींचा उपचार) यांनी तेवढ्यापुरतं बरं वाटतं, ते खोटं नाही. पण संधिवाताच्या क्षेत्रातल्या 'युलार' या युरोपीय संस्थेने 2016 साली शिफारशी सुधारल्या, तेव्हा ठाम शिफारस मिळाली ती एकट्या व्यायामाला. टेन्सची, म्हणजे त्वचेवर पट्ट्या चिकटवून सौम्य करंट देणाऱ्या छोट्या मशीनची, गोष्ट मात्र मजेदार आहे. 2020 साली प्रसिद्ध झालेल्या, फक्त स्त्रियांवर केलेल्या एका अभ्यासात बायका टेन्स लावून हालचाल करत होत्या आणि हालचालीच्या वेळची वेदना तुलनेसाठी लावलेल्या खोट्या, नुसत्या दिखाव्याच्या मशीनपेक्षा जास्त कमी झाली. म्हणजे मशीन लावून झोपायचं नाही, हिंडायचं. (पेसमेकर असेल किंवा गरोदर असाल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय टेन्स नको.)

काहीजणी फक्त स्ट्रेचिंगवर थांबतात, वजनाला भितात. ताकदीचे व्यायामही लागतातच. खुर्चीवर एक जाड उशी ठेवून तिच्यावरून पाच वेळा उठा-बसा. जमलं की काही आठवड्यांनी उशी काढा. बसताना मुद्दाम फार सावकाश जाऊ नका, त्या उतरण्यातच स्नायू जास्त दुखावतात.

"दाबून दाबून मालिश करा, त्याशिवाय मोकळं वाटत नाही," असा आग्रहही धरू नका. हात हलकाच हवा. पाण्यातले व्यायाम अनेकींना मानवतात, पण पाणी कोमट हवं, साधारण 32 ते 34 अंश. गार तलावात उतरून अंग आखडलं तर दोष व्यायामाचा नाही.

आणि तीन आठवड्यांत फरक नाही म्हणून सोडून देऊ नका. निदान दोन-तीन महिने द्या. पुढेही चालू ठेवा, कारण थांबलात की फायदा ओसरतो.

शेवटची चूक उलट्या बाजूची: प्रत्येक दुखणं फायब्रोच्या खात्यावर टाकणं. एखादा सांधा सुजला, ताप येतोय, कारण नसताना वजन उतरतंय, हातापायातली ताकद गेली किंवा बधिरपणा वाढतोय, तर फिजिओच्या पुढच्या तारखेची वाट न बघता डॉक्टरांना दाखवा.