मंद आचेवरच्या मटणासाठी पसरट भांडं: कसं निवडायचं, कसं वापरायचं

आधी खरपूस परतायचं, मग थोड्याच पाण्यात, घट्ट झाकणाखाली, बारीक गॅसवर दीड-दोन तास शिजू द्यायचं. या पद्धतीला ब्रेझिंग म्हणतात आणि त्यासाठीचं भांडं ब्रेझिंग पॅन या नावाने मिळतं. सोलापुरात झाकणात पाणी ठेवून मटण किंवा भरली वांगी शिजवतात, ती रीत याच्या अगदी जवळची. कुकरने वेळ वाचतो, पण रस आटत नाही आणि तुकडा कुठवर शिजला ते मधे बघता येत नाही. काळ्या तिखटाचं (भाजलेल्या मसाल्यांच्या तिखटाचं) दाट, अंगासरशी रस्स्याचं मटण हवं असेल तर पसरट भांडंच घ्यावं.

1 किलो मटणासाठी 28 सेंमी (11 इंच) रुंद आणि 7-8 सेंमी खोल भांडं पुरतं. त्यात साधारण साडेचार लिटर मावतं. खोल पातेल्यात तुकडे एकावर एक बसतात, खालचे करपतात आणि वरचे नुसते उकडतात. बूड सपाट हवं. दुकानात फरशीवर ठेवून दाबून बघा, डुगडुगलं तर घेऊ नका.

धातूचा विचार आंबटावरून करा. साधं बीड (ओतीव लोखंड) उष्णता छान धरतं, पण चिंच किंवा टोमॅटो त्यात जास्त वेळ शिजला की तेल तापवून धरवलेला वरचा थर सुटतो आणि रस्स्याला लोखंडाची चव येते. इनॅमलचा, म्हणजे काचेसारखा, लेप दिलेल्या बिडाला आंबटाचं भय नाही. मात्र ते रिकामं तापवलं किंवा गरम असताना गार पाण्याखाली धरलं तर लेपाला तडे जातात. रोजच्या वापराला अडीच-तीन मिमी जाडीचं ट्रायप्लाय स्टील (दोन स्टीलच्या थरांमध्ये ॲल्युमिनियम) सगळ्यात सोयीचं. साधं ॲल्युमिनियम चिंचेच्या पदार्थाला टाळा. बिडाचं भांडं झाकणासकट रिकामंच 5-6 किलो भरतं, म्हणून दोन्ही बाजूंना पक्के कान हवेत, एक लांब दांडा पुरत नाही.

झाकणाकडे सगळ्यात जास्त लक्ष द्या, कारण पाणी उडून गेलं तर बाकी सगळं व्यर्थ. घरी आणल्यावर दोन कप पाणी उकळवा, झाकण लावून अर्धा तास अगदी बारीक गॅसवर ठेवा. अर्ध्या कपाहून जास्त पाणी कमी झालं तर झाकण सैल आहे. मग वर खोलगट थाळी ठेवून तिच्यात पाणी घाला. गार थाळीखाली वाफ थिजून थेंब परत भांड्यात पडतात, आणि थाळीतलं कोमट झालेलं पाणी पुढे रस्स्यात घालायला कामी येतं.

बिडाचं नवं भांडं धुऊन गॅसवर पूर्ण कोरडं करा, करडईच्या तेलाचा अगदी पातळ हात फिरवा, फडक्याने जवळजवळ सगळं पुसून घ्या आणि धूर येईपर्यंत तापवा. असं तीन-चार वेळा करा. करडईचं तेल तापल्यावर घट्ट थर धरतं, पण तेल जास्त झालं तर थर चिकट राहतो.

मटण खांदा, मान आणि नळीचं घ्या, तुकडे 4-5 सेंमीचे करून मागा. या भागांतल्या चिवट तंतूंचं मंद आचेवर जिलेटिन होतं आणि रस्सा त्यानेच दाट होतो. मांडीचं निव्वळ मांस इतका वेळ शिजवलं तर कोरडं पडतं. तुकडे फडक्याने कोरडे टिपून मीठ लावा.

भांडं मध्यम आचेवर चार-पाच मिनिटं तापवा, 3 मोठे चमचे शेंगतेल घाला आणि मटण दोन-तीन घाण्यांत परता. प्रत्येक बाजूला चार मिनिटं हलवू नका. खरपूस झालं की तुकडा आपोआप सुटतो, ओढून काढावा लागला तर अजून वेळ आहे. सगळं एकदम टाकलं की पाणी सुटतं आणि रंग येत नाही. मटण बाजूला काढून त्याच तेलात 2 मोठे चिरलेले कांदे, मग 2 मोठे चमचे आलं-लसूण आणि हळद. अर्धा कप गरम पाणी घालून तळाची खरवड लाकडी उलथन्याने सोडवा, सगळी चव तिथे आहे. भाजलेल्या सुक्या खोबऱ्याचं आणि तिळाचं वाटण घाला. काळं तिखट 2-3 चमचे, तेही गॅस बारीक करूनच. तापल्या तेलात करपलं की कडू होतं.

मटण परत टाका, गरम पाणी तुकड्यांच्या निम्म्या उंचीइतकंच घाला. एक उकळी आली की गॅस एकदम बारीक. सेकंदा-दोन सेकंदाला एखादा बुडबुडा दिसावा. खळखळ उकळलं तर मांस आवळतं आणि चोथा होतो. शेगडी तेवढी बारीक होत नसेल तर भांड्याखाली जुना लोखंडी तवा ठेवा. दर 40 मिनिटांनी तुकडे उलटा. शेळी-बोकडाच्या मटणाला पावणेदोन ते सव्वादोन तास लागतात, जून असेल तर आणखी. हाडापासून मांस सहज सुटलं की झालं.

येसर (भाजलेल्या धान्य-डाळींचं मसालेदार पीठ) घालायचं असेल तर गार पाण्यात कालवून शेवटच्या पंधरा मिनिटांत घाला. आधी घातलं तर पीठ तळाला बसून लागतं. रस्सा पातळ वाटला तर झाकण काढून दहा मिनिटं आटवा. गॅस बंद केल्यावर झाकून वीस मिनिटं ठेवा, तवंग वर येतो. सोबत कडक भाकरी असेल तर रस्सा जरा सैलच ठेवा.

याच भांड्यात अर्धा किलो भरली वांगी अर्ध्या कप पाण्यावर, झाकणात पाणी ठेवून वीस-पंचवीस मिनिटांत होतात. शेंगदाण्याचं कूट तळाला लवकर धरतं, म्हणून दहा मिनिटांनी एकदा उलटा. चिंचेचा कोळ शेवटच्या पाच मिनिटांत, आणि साध्या बिडात केली असतील तर भाजी लगेच दुसऱ्या भांड्यात काढा.

बिडात रस्सा रात्रभर ठेवू नका. कोमट पाण्याने धुऊन लगेच कोरडं करा, पावसाळ्यात तर तेलाचा हात फिरवूनच ठेवा. स्टीलच्या तळाला बोअरच्या जड पाण्याचे पांढरे डाग पडले तर पाण्यात लिंबाचा रस किंवा व्हिनेगर घालून पाच मिनिटं उकळा, तारेच्या घासणीची गरज पडत नाही.